मिनासच्या नावाचा गहू

अथेन्स, २ सप्टेंबर

प्रिय वारवारा आत्या,

अभिनंदन! आमच्या 'मुळांशी नातं' संस्थेनं यंदाच्या परदेशी सत्रासाठी आपलं लिथारी निवडलंय, आणि त्यात पहिलं घर तुझं. ओहायोच्या एका कॉलेजातली ब्रूक नावाची मुलगी पुढच्या आठवड्यात बोटीनं येईल आणि डिसेंबरपर्यंत तुझ्याकडे राहील. तिला ग्रीक संस्कृतीत आणि गावाच्या सामुदायिक जीवनात पूर्ण बुडायचं आहे. हे शब्द माझे नाहीत, माहितीपत्रकातले आहेत.

आता जरा ऐक आणि लगेच तोंड वाकडं करू नकोस. गच्चीवरची टीव्हीची तबकडी काढता येत नसेल तर निदान तिच्यावर द्राक्षाचा वेल चढव. मायक्रोवेव्ह कपाटात. तुझा तो जांभळा ट्रॅकसूट कृपा करून डिसेंबरपर्यंत घालू नकोस. माहितीपत्रकात यजमानीणबाई काळ्या कपड्यांत आहेत, आणि तू विधवा आहेसच, त्यामुळे ते खोटंही होणार नाही. तुर्की मालिका बंद. मोबाइल तर तिच्या दृष्टीलाही पडता कामा नये, कारण 'इथले लोक अजून एकमेकांना पत्रं लिहितात' असं आम्ही छापून बसलोय. म्हणून हे पत्र. हातानं लिहून लिहून माझी बोटं आखडली.

एक शेवटचं. समोरच्या घरातला माणूस माझा बाप आणि तुझा सख्खा भाऊ आहे, हे तुला आठवतंय ना? अकरा वर्षं झाली, आत्या. मी तुम्हाला बोला म्हणत नाही, तेवढी आशा मी केव्हाच सोडली. पण माहितीपत्रकात 'सलोख्यानं नांदणारी गल्ली' असं लिहिलंय, तेवढी लाज राखा.

तुझी मिर्सिनी

---

लिथारी, १९ सप्टेंबर

मिर्सिनी पोरी,

मुलगी पोचली. चांगली आहे, हसरी आहे, पण अंगावर मांस नाही. मी कामाला लागले आहे. 'ब्रूक' कुणाच्या जिभेवर टिकेना म्हणून गावानं तिची ब्रुकुला करून टाकली, आणि ती त्यावर इतकी खूश झाली की रडली.

काळे कपडे घातले. पान्तेलिस गेला तेव्हा सासूच्या समाधानासाठी तीन वर्षं घातले होते, आता ओहायोच्या समाधानासाठी घालते. तबकडीवर वेल चढवला, तर त्याला द्राक्षंही धरली बहुतेक, कारण चित्र दिसत नाही. मालिकेतल्या त्या बिचाऱ्या सुनेचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगत नाही.

तुमच्या संस्थेनं पाठवलेलं गाढवही पोचलं. आमचं शेवटचं गाढव मेलं तेव्हा तू शाळेत होतीस. हे गाढव रोज सकाळी शेजारच्या गावाहून पिकअपमधून येतं, चौकात दिवसभर उभं राहतं आणि संध्याकाळी पिकअपमधून घरी जातं. लिथारीत नोकरीला असलेलं ते एकटंच. कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्यांना फुटबॉल बघायची बंदी झाली, दिवसभर सोंगट्या खेळा म्हणून सांगितलं. स्ट्रातिसला सोंगट्या येत नाहीत. तो नुसत्या आपटतो. मुलीला तेच फार आवडतं.

अथेन्सचा नाचाचा मास्तर ब्रुकुलाला आपल्या बेटाचा नाच शिकवतो आणि ती तो संध्याकाळी स्ट्रातिसला शिकवते. सत्तर वर्षं स्ट्रातिसचा डावा पाय चुकत होता म्हणे.

काल तिनं विचारलं, "थिया वारवारा, समुदाय म्हणजे तुमच्या मते काय?" थिया म्हणजे मावशी म्हण, आत्या म्हण, तिला फरक कळत नाही. मी म्हटलं, "तुझ्या पातेल्यात काय शिजतंय ते शेजारच्या सहा घरांना माहीत असणं." तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

आणि तुझ्या बापाचं म्हणशील, तर तो गल्लीतून जातो तेव्हा मी खिडकी लावते, एवढंच. आवाज होतो त्याला मी काय करू? लाकूड फुगलंय. ब्रुकुलानं विचारलं, समोरचे आजोबा कोण? म्हटलं, शेजारी. ती म्हणाली, त्यांचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे. म्हटलं, बाई गं, या बेटावर नाकं कमी आहेत, वाटून घ्यावी लागतात.

तुझी आत्या

---

अथेन्स, ६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दोन गोष्टी. पहिली, तू ब्रूकला फ्रीजमधला पिझ्झा घातलास. तिनं अहवालात 'पारंपरिक भाकरी' असं लिहिलं म्हणून आपण वाचलो.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. बाबांचे गुडघे गेलेत. गल्लीच्या पायऱ्या चढताना ते दोनदा पडले, ते तू खिडकीतून पाहिलंच असशील. मी त्यांना अथेन्सला आणतेय, कायमचं. संत निकोलासचा सण झाला की सात डिसेंबरच्या बोटीनं. घर संस्थेला देऊ, वसंतात तिथे चार विद्यार्थी राहतील. बाबा हो म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

हे तुला कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. मी त्यांची मुलगी आहे. 'तिला सांगू नकोस' असं ते तीन वेळा म्हणाले, म्हणजे तुला कळावं अशी त्यांची इच्छा आहे.

म्हणून विचारते, आणि एकदाच विचारते. तुला काही म्हणायचंय?

मिर्सिनी

---

लिथारी, २५ ऑक्टोबर

मिर्सिनी पोरी,

मला काय म्हणायचंय? काही नाही. जाऊ दे. गल्लीला उजेड येईल.

इकडची बातमी म्हणजे पान्तेलिसचा यंदाचा स्मृतिदिन झाला. मेलेल्यांचा गहू ब्रुकुलानं माझ्याबरोबर केला. उकडायला बसली, निथळायला बसली, चादरीवर पसरून एकेक दाणा रात्रभर वाळवायला बसली. डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका, सगळं कालवलं. वरून पिठीसाखर थापली आणि चंदेरी गोळ्यांनी क्रूस आणि पान्तेलिसचं अक्षर काढलं. देवळात सगळ्यांनी चमचा-चमचा खाल्ला, 'देव त्याला क्षमा करो' म्हणाले. ब्रुकुलानं तीन वेळा घेतला. म्हणाली, तिच्या गावात असला वाडगाभर गहू तरुण लोक रांग लावून विकत घेतात, तब्येतीला चांगला म्हणून. म्हणजे ओहायोत लोक रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा स्मृतिदिन करतात.

मग तिनं विचारलं की हा गहू रात्रभर का वाळवायचा. आता तिला काय सांगू? ओला राहिला तर साखर विरघळते, अक्षर बुडतं आणि मेलेल्याची शोभा होते, हे सांगितलं. खरं कारण तुला माहीत आहे.

तू तेव्हा अथेन्सला परीक्षा देत होतीस, म्हणून तू ते बापाच्या तोंडून ऐकलंयस. आता माझ्या तोंडून ऐक. तुझी आजी गेल्यावर चाळीसाव्या दिवसाच्या विधीला दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. माझा गहू वाळेना. इस्त्री फिरवली त्याच्यावर, इस्त्री! सबंध गाव देवळाच्या अंगणात उभं, आपला पाद्री पापा-थोमास समोर, आणि तुझ्या बापानं तोंडातून चमचा काढून खणखणीत आवाजात विचारलं, "वारवारा, हा मेलेल्यांचा गहू आहे की तुझ्या नावसणाची लापशी?" नावसणाला, म्हणजे माझ्या नावाच्या संतिणीच्या दिवशी, आपण जिवंत माणसांसाठी तोच गहू पातळ करून पितो, म्हणून हा विनोद. लोक हसले. आईच्या चाळीसाव्याला हसले. मी म्हटलं, "कोरडंच हवं असेल तर स्वतःचं काळीज चाख." बस. तिथून पुढे आम्हाला एकमेकांच्या खिडक्याच माहीत.

सात तारखेची बोट सकाळची की दुपारची? सहज विचारलं.

तुझी आत्या

---

अथेन्स, १३ नोव्हेंबर

आत्या!

परवा बाबांचा नावसण होता म्हणून मी संध्याकाळी शुभेच्छांचा फोन केला, तर समोरून पाच मिनिटं नुसता आरडाओरडा. त्यातलं मला एवढंच कळलं की तू त्यांना जिवंतपणी त्यांचंच श्राद्ध जेवू घातलंस आणि पापा-थोमासही त्यात सामील होता.

काय झालं ते सरळ लिही. मला कार्यालयात उत्तर द्यायचंय, आणि त्याआधी स्वतःला.

मिर्सिनी

---

लिथारी, १७ नोव्हेंबर

मिर्सिनी पोरी,

माझा यात काडीचा संबंध नाही.

ब्रुकुलाला तुमच्या तासात शिकवलं की नावसणाला कुणी बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो, दार उघडं असतं आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत. हे तिला फारच आवडलं. तुझ्या बापाच्या, म्हणजे संत मिनासच्या दिवशी सगळी गल्ली समोर चालली, मी तेवढी घरात. तिनं विचारलं, तुम्ही येत नाही? म्हटलं, पाय दुखतो. मग ती म्हणाली, मी आपल्या घरातर्फे काहीतरी घेऊन जाते. पोरीचा विचार चांगला होता. तिला ग्रीक पदार्थ एकच नीट येत होता, तो तिनं केला.

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं ते सांगते. तुझा बाप चांगला सदरा घालून खुर्चीत बसलेला. पापा-थोमास, स्ट्रातिस, सगळे हातात पेले घेऊन. ब्रुकुला दोन्ही हातांवर ताट धरून आत गेली. पांढरी स्वच्छ साखर, चंदेरी गोळ्यांचा क्रूस, खाली हे एवढं मोठं 'मि', आणि मधोमध पेटलेली मेणबत्ती. तिला वाटलं, वाढदिवसासारखं.

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पापा-थोमासचं वय झालंय, समोर गहू आणि मेणबत्ती दिसली की त्याचं तोंड आपोआप सुरू होतं. त्यानं 'चिरंतन त्याची स्मृती' गायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर त्याची नजर तुझ्या बापावर पडली, तेव्हा कुठे थांबला. स्ट्रातिसनं तोवर चमचा तोंडात घातला होता. घास गिळून तो सवयीनं म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." समोर मिनास डोळे वटारून बसलेला!

मग तुझा बाप उठला. गुडघ्यांचं सोंग की काय कोण जाणे, त्या दिवशी ताडकन उठला. अंगणात येऊन माझ्या खिडकीकडे तोंड करून ओरडला, "वारवारा! थोडी कळ काढवत नव्हती का?"

अकरा वर्षांनी पहिले शब्द. मी खिडकी उघडली आणि म्हटलं, "तू खरोखर मेलास की याहून जास्त साखर घालीन!"

एवढंच. मग त्यानं दार लावलं, मी खिडकी लावली. ब्रुकुला धाय मोकलून रडत होती. मी तिच्यावर तीन वेळा थुंकून दृष्ट काढली आणि सांगितलं, पोरी, तू आता या गावची झालीस, कारण तुझ्यामुळे भांडण झालं.

ताट मात्र त्यानं ठेवून घेतलंय. आईचं ताट आहे ते. बघू कधी देतो.

तुझी आत्या

---

अथेन्स, २८ नोव्हेंबर

प्रिय आत्या, काडीचाही संबंध नसलेली आत्या,

ब्रूक सत्राच्या आढाव्यासाठी परवा इथे आली होती. सगळ्या प्राध्यापकांसमोर तिनं आपला अनुभव सांगितला आणि मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. चंदेरी गोळ्या कुणी दिल्या? 'माझ्या यजमानीणबाईंनी.' ताट कुठलं? 'त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून काढून दिलं, त्यांच्या आईचं.' आणि गहू? 'त्या रात्री त्या चादरीपाशी वाकून दाणे बोटांनी चेपून बघत होत्या. तीनदा मला परत पसरायला लावले. म्हणत होत्या, अजून कोरडा, अजून कोरडा.'

आत्या, काय म्हणू तुला? बिचाऱ्या परक्या पोरीच्या हातून तू अकरा वर्षांचं उत्तर पाठवलंस. आणि ते मेणबत्तीसकट!

आमच्या कार्यालयाचं म्हणशील, तर मला वाटलं नोकरी गेली. उलट प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते हा 'सलोख्याचा सामुदायिक विधी' आहे आणि वसंतातल्या माहितीपत्रकात तो घालायचा ठरलाय. 'जिवंत स्मृतिभोजन', नावनोंदणी सुरू. सहा विद्यार्थ्यांनी आताच विचारणा केली आहे, त्यांना आपापल्या नावाचा गहू हवाय. एकानं विचारलंय, साखरेऐवजी मध चालेल का. पापा-थोमासला तयार ठेव.

बाकी बाबा काही बोलत नाहीत. फोनवर नुसते 'हं' करतात. पेटी भरून झाली म्हणाले. मला सुट्टी नाही, म्हणून स्ट्रातिस त्यांना धक्क्यावर सोडेल आणि मी आठ तारखेला पहाटे पिरेअस बंदरात उभी राहीन. ब्रूकही त्याच बोटीनं परत निघेल, तिला सांगितलंय त्यांचा हात धर म्हणून.

तुझ्या नावसणाच्या शुभेच्छा आधीच देते. चार तारखेला समोरचं दार उघडलं नाही तर फार मनाला लावून घेऊ नकोस. तुम्हा दोघांना काय हवंय ते मला आता कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मी थकले.

मिर्सिनी

---

लिथारी, ६ डिसेंबर

मिर्सिनी पोरी,

हे पत्र ब्रुकुलाच्या हाती देतेय. पिरेअसला ती एकटी उतरेल. ओरडू नकोस. तुझ्या बापाला म्हटलं फोन कर, तर म्हणतो, फोनवर ती ओरडेल, पत्रावर ओरडता येत नाही.

माझ्या दिवशी मी पहाटेच दार उघडलं. काळे कपडे पेटीत टाकले आणि जांभळा ट्रॅकसूट घातला, माझा सण आहे, ओहायोचा नाही. ब्रुकुलानं मात्र आपणहून काळं घातलं होतं. तिला बघून दोन बायकांनी माझ्याकडे कोण गेलं म्हणून चौकशी केली. सगळे आले. पापा-थोमास आला, स्ट्रातिस आला आणि डाव्या पायानं नीट नाचला. मी ट्रे घेऊन फिरत होते आणि डोळा गल्लीकडे. खोटं कशाला बोलू, ते समोरचं दार उघडावं म्हणून मी मेणबत्ती लावली होती. दरवर्षीच लावते.

दुपारी ते उघडलं. तुझा बाप बाहेर आला, एका हातात काठी, दुसऱ्या हातावर आईचं ताट. ताट रिकामं परत करायचं नसतं, एवढं आईनं त्याला शिकवलं होतं. म्हणून त्यानं स्वतः चुलीपाशी उभं राहून माझ्या नावसणाचा पातळ गहू केला होता, जिवंत माणसांचा. आणि तो शहाणा माणूस पातळ गहू सपाट ताटात घालून गल्ली ओलांडत होता! अर्धा पायऱ्यांवर सांडला, उरलेल्यातला अर्धा पँटवर, आणि मागून शेजारणीच्या कोंबड्या ओळीनं येत होत्या. कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि मला किती जड गेलं ते देवाला माहीत.

ताट माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "चाख."

सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी चमचा घेतला. पोरी, गहू कच्चा होता आणि दालचिनी इतकी की डोळ्यांत पाणी आलं. दालचिनीनंच आलं असं मी सगळ्यांना सांगितलंय.

म्हटलं, "पाणी कमी पडलं."

"काहीतरी काढणार हे ठाऊक होतं मला," तो म्हणाला आणि त्याच्या जुन्या खुर्चीत बसला. तिथे ब्रुकुला बसली होती, तिला काठीनं उठवलं. मी त्याला क्विन्सचा मुरांबा आणि पाणी दिलं. दारात आलेल्याला द्यावंच लागतं.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "पेटी भरली म्हणे." तो बराच वेळ चमचा चाटत राहिला. मग म्हणाला, "अथेन्सला आपल्या गावचा लेफ्तेरिस गेला, त्याच्या चाळीसाव्याला गेलो होतो. गहू दुकानातून आणलेला. प्लास्टिकच्या पिशवीत. वर दुकानाचं नाव आणि टेलिफोन नंबर. मी तिथे मेलो तर मिर्सिनी तोच आणील. तिची चूक नाही, तिला वेळ कुठे असतो? पण माझ्या नावाची पिशवी हातात घेऊन लोक टेलिफोन नंबर वाचत उभे राहणार, हे मला नको." मग खाली बघून म्हणाला, "अकरा तारखेचा तुझा गहू कोरडा होता. दाणा न् दाणा सुटा. मला तसा हवा."

पोरी, अकरा वर्षं मी या एका वाक्यासाठी खिडकीत बसले होते.

तेव्हा संस्थेला सांग, समोरचं घर रिकामं होणार नाही. माझ्या घरातली खालची खोली मी त्याला देतेय, पायऱ्या चढायला नकोत. त्याचं स्वतःचं घर दिवसा भांडून जायला राहील. त्या सहा जणांनाही कळव की लिथारीत गहू ज्याचा त्यालाच मिळतो, आणि आपापल्या वेळेला. गाढव मात्र राहू द्या, गावाला त्याची सवय झालीय. आणि तू नाताळला ये. तू थकलीस हे वाचून तुझा बाप दोन दिवस नीट जेवला नाही.

तो खुर्चीतून उठताना मी त्याला म्हटलं, "माझ्या हातचा हवा असेल तर तुला माझ्याआधी जावं लागेल."

"मोठा मी आहे," तो म्हणाला. "रांग मोडू नकोस."

मला काही घाई नाही.

तुझी आत्या